रडकीचा तिसरा गिअर

प्रिय दाजी,

नमस्कार. आमच्या घराण्यात नमस्काराच्या मागोमाग विनंती येते हे तुम्ही लग्नापासून सोसत आला आहात, आणि म्हणूनच माझं पाकीट आलं की तुम्ही ते न फोडता फ्रिजवर ठेवून देता, हे मला ताईकडून कळलेलं आहे. तेव्हा आधीच लिहून टाकतो की या पत्रात विनंती नाही. फोडलंच आहे तर निर्धास्त वाचा.

तुमची कंबर कशी आहे? गेल्या खेपेला आमच्या गाडीचा जुना गिअरबॉक्स तुमच्या डिकीत चढवताना ती धरली, आणि मागची बाजू मी ऐन वेळी सोडली असा तुमचा समज झाला आहे, असं ताई म्हणाली. समज बरोबर आहे. पण त्यातून काळं तेल गळत होतं आणि माझ्या अंगात एकुलता एक बरा शर्ट होता, हेही लक्षात घ्यावं. (शिवाय तो नेण्याचा हट्ट तुमचाच. मी भंगारात देणार होतो. तुम्ही म्हणालात, करवतीने मधोमध कापून विद्यार्थ्यांना आतलं दाखवीन. तंत्रशाळेत शिकवणाऱ्या माणसाला मोडकी वस्तू पाहून जो आनंद होतो तो मी घरच्या लग्नकार्यातसुद्धा कुणाच्या तोंडावर पाहिलेला नाही.) ताईचा गुडघा, तुमचा दमा, कुंडीतलं ते लिंबू न धरणारं लिंबाचं झाड, सगळं जसं होतं तसंच असेल असं धरून चालतो. इकडे मी बरा आहे. आमची ही बरी आहे. अण्णा आहेत.

तुम्ही आलात तेव्हा गाडी गॅरेजात उघडी पडलेली होती, त्यामुळे आमच्या घरची एरवीची संध्याकाळ तुम्ही पाहिलेली नाही. ती सांगितल्याशिवाय पुढचं सगळं येडपटपणाचं वाटेल. (सांगितल्यावरही वाटेल, पण निदान कारण कळेल.) अण्णांची नजर गेली आहे आणि आठवण जाते आहे, हे तुम्ही पाहिलंत. माणसांचे आवाज त्यांच्या डोक्यात एकमेकांत कालवले गेले आहेत. दूधवाला, मी, रेडिओवर बातम्या देणारा, सगळे त्यांना एकच. यंत्रांचं तसं नाही. जन्मभर पंपाच्या कारखान्यात उभं राहून पंप कानाने पास-नापास केलेला माणूस आहे तो. आजही फ्रिज सुरू झाला की म्हणतात, याचा कॉम्प्रेसर यंदा जाणार. ही दचकते, कारण तो जातो.

आणि गाडी. निवृत्तीनंतर लोक झोपाळा घेतात, आरामखुर्ची घेतात. आमच्या तीर्थरूपांनी दोन दारांची, जमिनीला पोट टेकवून धावणारी शर्यतीची गाडी घेतली, तीही कुणीतरी वापरून दमवलेली. आई तिच्यात बसताना म्हणायची की आपण विहिरीत उतरतो आहोत, वरून कुणीतरी दोर धरा. तिसरा गिअर टाकला की ती गाडी बंद दाराआड हट्टाला पेटलेल्या पोरासारखी बारीक, न थांबता रडायची. आईने तिचं नाव ठेवलं रडकी. आई गेली, नाव राहिलं, रडणंही राहिलं. अण्णांची नजर गेल्यावर चावी माझ्याकडे आली. मी ऑफिसातून येताना आपल्या घराखालच्या चढावर तिसरा टाकतो, रडकी सूर लावते, वर खिडकीशी बसलेले अण्णा म्हणतात, "आला." मग मांडीवरची शाल बाजूला करतात, हात धुवायला पाणी मागतात आणि जेवतात. मुलगा घरात आल्याशिवाय पानावर बसायचं नाही हा नियम माझ्या कॉलेजच्या दिवसांपासूनचा. तेव्हा मला त्याचा वैताग यायचा. बाकी सगळं विसरले, हा नियम नाही विसरले. म्हणजे दाजी, अण्णांचं रात्रीचं जेवण त्या गाडीच्या गळ्याशी बांधलेलं आहे, एवढं ध्यानात ठेवा.

तर गिअरबॉक्स गेला कसा. तिसऱ्याचं रडणं हा काही आजार नव्हता, स्वभाव होता. आजार दुसऱ्या गिअरला झाला. टाकला की दांडा आपोआप उडून मधे यायचा. मी काही दिवस गुडघ्याने दाबून चालवली, मग हिला शेजारी बसवून तिच्या दोन्ही हातांनी दांडा धरवून ठेवला. (लोकांना वाटायचं या वयात काय प्रेम आहे.) अशात आमच्या खालच्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर वारले. शववाहिनीच्या मागे गाड्यांची रांग, आणि शववाहिनीच्या लगोलग मागे आम्ही, कारण लोकांनी तुम्ही पुढे व्हा म्हटल्यावर नको म्हणायला हिला संकोच वाटला. त्या चालीला दुसराच गिअर लागतो. हिने दांडा घट्ट धरला होता. पण मास्तरांनी तिला चौथीत गणितात पास केलं होतं ते नेमकं आठवलं, रडू आलं, डोळे पुसायला एक हात सुटला आणि दांडा उडाला. इंजिन बोंबललं. मी घाबरून क्लच दाबला, तिने घाबरून दांडा मिळेल त्या बाजूला ढकलला, मी घाबरूनच क्लच सोडला, आणि रडकी शववाहिनीला बगल देऊन जी सुटली ती चौकात जाऊन थांबली. मास्तरांना आम्ही मागे टाकलं. परत रांगेत शिरायला तोंड नव्हतं, म्हणून तसेच पुढे निघून त्यांच्याआधी स्मशानाच्या फाटकाशी पोचलो आणि तिथे उभं राहून त्यांची वाट पाहिली. मास्तरांचा मुलगा त्या दिवसापासून जिन्यात भेटला तर भिंतीकडे बघतो.

ही म्हणाली, विका ती अवदसा. मी म्हणालो, विकतो, आणि संध्याकाळी अण्णांच्या पानावर काय वाढशील. मी कधी नाही तो वादात जिंकलो आणि मला मुळीच बरं वाटलं नाही.

कंपनीने ते पार्ट बनवणं कधीच बंद केलंय. म्हणजे जुना शोधायचा. दाजी, वापरलेला गिअरबॉक्स विकणाऱ्या जातीइतकी श्रद्धाळू जात मी पाहिलेली नाही. मी फोन केला त्यातला प्रत्येक जण शपथेवर सांगत होता की ही गाडी एक डॉक्टरीणबाई चालवायच्या, घर ते दवाखाना, आणि तेही सावकाश. या हिशेबाने जगातल्या सगळ्या वेगवान गाड्या डॉक्टरीणबाईंकडे असतात आणि सगळ्या सावकाश चालतात. मग त्यांचे तुकडे बाजारात येतात कसे, हे विचारायचं नाही. पहिला गिअरबॉक्स मी अशाच एका गोडबोल्या माणसाकडून घेतला. त्याने तो टेबलावर, खाली धुतलेलं फडकं घालून ठेवला होता. हाताने फिरवून दाखवला, हूं की चूं नाही. चहा पाजला, माझ्या वडिलांची चौकशी केली, स्वतःच्या वडिलांच्या आठवणीने डोळ्यांत पाणी आणलं. आमच्या मिस्त्रीने गॅरेजात खालचा नट सोडला तर तेलाबरोबर लाकडाचा भुसा बाहेर आला, ओंजळभर. झिजलेल्या दात्यांत भुसा भरला की थोडे दिवस आवाज येत नाही, मग तोच सगळं चावून टाकतो, अशी त्यातली गोम. मिस्त्रीने चिमूटभर नाकाशी नेला आणि म्हणाला, सागवान आहे, माल चांगला वापरलाय. मी तडक दुकानाकडे गेलो. तिथे शिवणकामाचा क्लास सुरू झाला होता. बाई म्हणाल्या, पुरुषांना प्रवेश नाही.

मग गाड्या तोडणाऱ्यांच्या वाड्यावर जावं लागलं. शहराबाहेर, पत्र्याच्या कुंपणाआड, एकावर एक रचलेल्या गाड्या. तिथे मला जे शिकायला मिळालं ते तुमच्या विद्यार्थ्यांना सांगू नका. आपल्या गाडीचा गिअरबॉक्स मागच्या चाकांपाशी असतो, म्हणून ज्या गाडीतून तो काढायचा ती पुढून आपटलेली हवी. मागून आपटलेली उपयोगाची नाही. थोडक्यात, आपल्याला चांगला माल हवा तर पुढे बसलेल्या कुणाचं तरी वाटोळं झालेलं हवं. आणि मी काम कुठे करतो हे तुम्हाला माहीत आहे. विम्याच्या कचेरीत, अपघाती मृत्यूच्या दाव्यांच्या टेबलावर. त्या दिवसांत कागद हातात आला की मी आधी गाडी कुठली ते बघायचो, मग धडक कुठून बसली ते, आणि मग गेलेल्याचं नाव. एकदा आपलंच मॉडेल आलं, आणि पुढे "मागून ट्रकने" असं वाचून माझ्या तोंडून च् निघालं. समोर त्या माणसाची बायको बसली होती. तिला वाटलं मला तिचं दुःख झालं. ती मला धन्यवाद म्हणाली, दाजी. त्या दिवशी डबा न उघडता तसाच घरी नेला.

वाड्याच्या मालकाला सगळे डॉक्टर म्हणतात, कारण तो लांब पेचकसाचं टोक गिअरबॉक्सला टेकवतो, मूठ कानात घालतो आणि डोळे मिटून आतलं ऐकतो. त्याच्याकडे अखेर आपली जुळी गाडी सापडली. पुढचा भाग असा काही नव्हताच. मागच्या सीटवर एक चप्पल, चष्म्याचं रिकामं घर, पेपरमिंटचा अर्धा पुडा. मी विचारलं, चालवणाऱ्याचं काय झालं. डॉक्टर म्हणाला, "माणसं आमच्याकडे येत नाहीत. पार्ट येतात." मग त्याने पेचकस लावला, मला शाफ्ट फिरवायला सांगितला आणि बराच वेळ ऐकत राहिला. शेवटी पेचकस माझ्या कानाला लावून म्हणाला, "बघा. मुका आहे. एकदम मुका." त्यांच्या धंद्यात याहून मोठी तारीफ नाही म्हणे. मलाही काही ऐकू आलं नाही आणि मी खूश होऊन मान डोलावली. ती मान मोडायला हवी होती.

एक गोष्ट सांगायची राहिली. हे सगळं चालू होतं ते दिवस घरात सुखाचे होते. गाडी गॅरेजात आहे म्हटलं की अण्णांचं समाधान व्हायचं. गाडी गॅरेजात म्हणजे मुलगा बसने येणार, हे त्यांना बरोबर उमगायचं. बसचा दरवाजा खाली आपटला की शाल बाजूला. मग जेवताना मी भुसा सांगितला, ते घास हातात धरून हसले, ठसका लागला. केळ्याची सालं घालतात काही काही जण, म्हणाले. दांडा उडण्याचं कारण त्यांनी मला ताटात चमचा आणि वाटी मांडून समजावलं, आणि ते मिस्त्रीच्या निदानाशी जुळलं. आम्ही बापलेक इतकं आयुष्यात कधी बोललो नव्हतो. मला ती गाडी कधी दुरुस्तच होऊ नये असं वाटायला हवं होतं. पण मला अक्कल कुठे.

गिअरबॉक्स बसला. आज गाडीने येतो, असं अण्णांना मी सकाळीच सांगून ठेवलं होतं. मिस्त्रीने हात पुसत सांगितलं की घोडी आता लोण्यावरून चालेल. चालली. दुसरा जागचा हलेना. चढाला लागलो, तिसरा टाकला, आणि काही नाही. गार वाऱ्याचा आवाज तेवढा. मी शीळ घालत वर आलो. दार उघडून आत गेलो तर अण्णांनी आवाजाच्या दिशेने तोंड वळवलं, शाल नीट केली आणि म्हणाले, "या, बसा. तो येईलच एवढ्यात."

मी म्हणालो, अण्णा, मीच. ते हसले, पाहुणा थट्टा करतो तेव्हा हसतात तसे. हिला म्हणाले, चहा टाक यांना. हिने माझ्याकडे पाहिलं आणि खरंच टाकला, आणि मी पाहुण्यासारखा कपबशीतून प्यालो. जन्मात त्यांनी मला अरे-तुरेशिवाय हाक मारली नव्हती, आणि आता बसा, घ्या, पंखा लावू का. ते काही जेवले नाहीत. तो यायचाय अजून, एवढंच. खिडकीकडे कान लावून बसून राहिले आणि खुर्चीतच झोपले. दुसऱ्या दिवशी मी हॉर्न वाजवून पाहिला. हॉर्न कोणीही वाजवतं, म्हणाले. गाडी परत गॅरेजात आहे असं सांगून पाहिलं. तर म्हणाले, "कालच आली ना ती?" जे विसरायला हवं नेमकं तेच लक्षात. हिने मन घट्ट करून भरवायला घेतलं तर तोंड मिटून घेतात. सकाळचे काय दोन घास जातात तेवढ्यावर आहेत. मनगट बघवत नाही.

आता मी रोज संध्याकाळी पाहुणा म्हणून बसतो. परवा सहज विचारलं, मुलगा कसा आहे तुमचा. (आपल्याच बापाकडे आपली चौकशी करावी, असा प्रसंग वैऱ्यावर येऊ नये.) त्यांनी विचार केला. म्हणाले, घाबरट आहे, गिअर वेळेआधी बदलतो. मग म्हणाले, "पण येतो. रोज येतो." मला फार वाईट वाटलं, दाजी. मी तिथेच बसलो होतो आणि यायचा राहिलो होतो.

असो. सगळ्यांचं क्षेम कळवावं. कंबरेला शेक द्यावा आणि जड काही उचलू नये. विनंती काही नाही हे वर लिहिलंच आहे.

तुमचा मेहुणा

ता. क. हे ताईला वाचून दाखवाल तेव्हा "बसा" एवढं गाळा. ती पुढल्या महिन्यात यायचं म्हणते आहे, आणि तिला ओळखायला तर गाडीसुद्धा नाही.

ता. क. पुन्हा. ही म्हणते, मुद्द्याचं लिहिलंत का. तर मुद्द्याचं असं, की करवत थांबवा. कापायला घेतला असेल तर आहे तिथे थांबवा. वरचं कवच गेलं तरी चालेल, दुसरा गिअर विद्यार्थ्यांना द्या, चौथा-पाचवा द्या, मला त्यातली फक्त तिसऱ्या गिअरची जोडी हवी आहे, वरचं चाक आणि खालचं चाक. दोन्ही हवीत, मिस्त्री म्हणतो, ती एकमेकांवर झिजली आहेत, एकटं लावलं तर रडणार नाही. (एवढा चांगला गिअरबॉक्स उघडून त्यात मुद्दाम झिजकी चाकं घालायची, हे ऐकून तो आधी माझ्यावर ओरडला. मग कारण सांगितलं. मग तो स्टुलावर बसला, बिडी संपवली, आणि म्हणाला, आणा.) घासू नका, पॉलिश करू नका, तुमच्या सवयीने त्यांना बरं करू नका. तेलात भिजलेल्या फडक्यात बांधून पाठवा. स्वतः घेऊन आलात तर मागची बाजू मी धरीन, कुठलाही शर्ट असो.

ता. क. शेवटचं. तोवर दुसरा इलाज नसल्यामुळे काल मी चढावर गाडी बंद केली, खिडकीखाली उभा राहिलो आणि रडकीचा आवाज तोंडाने काढला. मास्तरांचा मुलगा जिन्यात होता. त्याने इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं आणि दार लावून घेतलं. वरून अण्णा म्हणाले, "आला. पण आवाज बसलाय तिचा. त्याला म्हणावं, दाखवून घे." आणि अर्धं ताट जेवले. आज परत काढायचा आहे, उद्याही. माझा घसा किती दिवस टिकेल सांगता येत नाही, आणि अण्णांचंही तसंच आहे, तेव्हा हे पत्र फ्रिजवर ठेवू नका.